अरोनियाचा मुरंबा

शारजात मैमुनाबीच्या शेजारी एक पोलिश नर्स राहायची. सुट्टीवरून परतताना तिने वडिलांच्या बागेतली अरोनियाची काळी, तुरट फळं आणली. "ब्लड प्रेशरला चांगली," ती म्हणाली. मैमुनाबीने साखर, वेलची घालून मुरंबा केला. नवरा यूनुस रोज आवडीने खाई.

महिन्याभराने गादी झटकताना यूनुसच्या प्रेशरच्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं हाती लागली. तिने ती यूनुससमोर धरली.

"मुरंबा सुरू झाला, गोळ्या खलास," यूनुस म्हणाला.

तिने त्याला तडक क्लिनिकमध्ये नेलं. प्रेशर भलतंच चढलं होतं.

"फळं खा, पण गोळ्या सोडू नका," डॉक्टरांनी बजावलं.

यूनुसने तिथेच गोळी गिळली. मैमुनाबीने त्याचा धरलेला हात घरी पोहोचेपर्यंत सोडला नाही.