डाव्या सीटवरचा पायलट

मी एक छोटी गाडी बोलतेय. राखाडी रंगाची, पाच दारांची, मागे डिकीचा फुगा नसलेली. मोठ्या गाड्यांच्या मधे जी सांदी उरते तिथे मला उभं करतात, त्यामुळे सहसा माझ्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. आपल्याकडे कोणी बघत नाही असं वाटलं की माणसं खरी वागतात, आणि मी तेरा वर्षं त्यांना अगदी जवळून बघत आलेय. तुम्हाला खोटं वाटेल, पण माझं आश्चर्य अजून संपलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे माझ्यासारख्या बहिणी एकीमागून एक रांगेत पुढे सरकत होत्या. कौतुक करायला कोणाला सवड नव्हती. एका माणसाचं काम तर फक्त दारं लावून बघण्याचं होतं. त्याने माझी पाचही दारं एकेक करून लावली, कान देऊन आवाज ऐकला, मान डोलावली आणि पुढच्या गाडीकडे वळला. दिवसभर नुसता दारांचा आवाज ऐकणारा माणूस! मी पाहिलेला तो पहिला माणूस, आणि पहिल्याच माणसाने मला चकित केलं.

माझा पहिला मालक औषध कंपनीचा प्रतिनिधी होता. नऊ वर्षं आम्ही दवाखान्यांच्या दारात काढली. तो माझ्यातच जेवायचा, माझ्यातच टाय बांधायचा. आत जाण्याआधी आरशात बघून हसण्याची तालीम करायचा आणि ते हसू चेहऱ्यावर नीट बसलं की दार उघडायचा. परत आला की ते हसू काढून ठेवायचा आणि दोन मिनिटं डोळे मिटून बसायचा. एकदा घाईत त्याने माझं मागचं डावं दार फाटकाच्या खांबावर घासलं. तेवढं सोडलं तर त्याने मला जपलं. पुढे त्याला बढती मिळाली, मोठी गाडी आली आणि माझी रवानगी जुन्या गाड्यांच्या यार्डात झाली.

यार्डातले दिवस मला आठवायला आवडत नाहीत. तिथला विक्रेता मोठा हुशार होता. माझे टायर काळे कुळकुळीत करायचा, आत अत्तरासारखं काहीतरी फवारायचा, आणि गिऱ्हाईक यायच्या आधी गुपचूप माझं इंजिन तापवून ठेवायचा. गार असताना मी जरा खोकते, ते गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. माझ्या तब्येतीची लपवाछपवी मलाच बघावी लागायची. चार महिने असे गेले.

मग एके सकाळी ते तिघं आले. एक उंच, ताठ मानेचे गृहस्थ, त्यांची बायको आणि बायकोचा धाकटा भाऊ. गृहस्थांनी एकतीस वर्षं बस चालवली होती. डेपोत त्यांना सगळे पायलट म्हणायचे, आणि निवृत्त झाल्यावरही ते नाव त्यांना चिकटून राहिलं. बायकोचं कपडे दुरुस्त करण्याचं छोटंसं दुकान होतं. येणारं-जाणारं पोर त्यांना काकू म्हणायचं, म्हणून मीही काकूच म्हणते.

विक्रेता माझे गुण गाऊ लागला. पायलटनी ते कानाआड केलं आणि माझ्या बॉनेटवर तळहात टेकवला. “ही आत्ता चालू केली होती?” त्यांनी विचारलं. जागा बदलायला जरा हलवली होती, असं विक्रेता म्हणाला. “मग गार होऊ दे. आम्ही थांबतो.”

आणि खरोखरच थांबले! प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन जवळजवळ दोन तास. भाऊ सारखा घड्याळ बघत होता. काकूंनी पिशवीतून कोणाची तरी पँट काढली आणि निवांत तळाला टीप घालायला घेतली. विक्रेत्याचा जीव वर-खाली होत होता, पण करतो काय?

मी पुरती गार झाल्यावर त्यांनी मला चालू करायला लावलं. मी खोकले, अडखळले, मग एकदाची सुरू झाले. पायलट डोळे मिटून वाकून ऐकत होते. माझ्या पोटातला एकेक आवाज त्यांनी वेगळा केला. पट्टा सैल झालाय, इंजिनाखालचं एक रबर गेलंय, बाकी ठणठणीत आहे. मग त्यांची बोटं माझ्या अंगावरून फिरत मागच्या डाव्या दाराशी येऊन थांबली. “तुझा लोहचुंबक दे गं,” ते म्हणाले. दुकानात सांडलेल्या टाचण्या गोळा करायला काकू एक लोहचुंबक बाळगायच्या. पुढच्या दाराला तो घट्ट चिकटला. मागच्या दारावरून घसरून खाली पडला. रंगाखाली तिथे चेपा बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती.

विक्रेत्याचा चेहरा उतरला. माझंही धाबं दणाणलं. पण पायलट म्हणाले, “मार दाराला बसलाय, इंजिनाला नाही. घेऊ.” नऊ वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्यालाही मी एवढी कळले नव्हते.

“चालवणार कोण? तुम्हीच ना, साहेब?” विक्रेत्याने कागद पुढे करत विचारलं.

“मला दिसत नाही,” पायलट म्हणाले. “चालवणार ही.”

काकूंचं वय तेव्हा सत्तावन्न होतं. त्यांनी तोवर सायकलही चालवली नव्हती.

गोष्ट अशी होती. पायलटना डोळ्यांचा आजार होता. त्यात नजरेचा मधला भाग आधी जातो. डावा डोळा तसा गेला, तेव्हा त्यांनी स्वतःहून डेपोत जाऊन सांगितलं की आता माझ्या हाती बस देऊ नका. निवृत्तीला अजून एक वर्ष होतं. कोणाला कळलंही नसतं, पण साठ माणसं मागे बसवून ते असा खेळ करणार नव्हते. मग उजव्या डोळ्यातही मधोमध धूसर डाग दिसू लागला. डॉक्टर म्हणाले, दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं, चुकवायचं नाही. चुकलं तर डाग पसरेल.

डोळ्यात सुई! ऐकूनच माझ्या काचा थरथरल्या. पण त्यांना सुईची धास्ती नव्हती, वाटेची होती. हॉस्पिटल दोन तासांवर मोठ्या शहरात. तिकडे थेट जाणारी बस, जी पायलटनी स्वतः कित्येक वर्षं चालवली होती, ती बंद झाली होती. सध्या भाऊ कोणाची तरी गाडी मागून त्यांना नेत होता, पण पाच महिन्यांनी त्याची बदली होणार होती. तेवढ्या वेळात काकूंनी गाडी शिकायची, असं ठरलं होतं. नाही जमलं तर उरलेला डोळाही जाणार होता. म्हणून मी त्या घरात आले.

शिकवणी बंद पडलेल्या एका कारखान्याच्या आवारात सुरू झाली. लायसन्स भावाकडे, म्हणून शेजारी तो बसायचा, पण नावापुरता. खरे गुरुजी मागच्या सीटवर. तिथून त्यांचे हुकूम सुटायचे. क्लच, गिअर, आता सोड, हळू. माझ्या आवाजावरून त्यांना सगळं कळायचं. काकू गिअर बदलायला विसरल्या की मी कण्हायच्या आधी ते ओरडायचे. काकूंच्या हातांना घाम सुटायचा, पण पाय मात्र कमालीचा तयार होता. चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलेला पाय तो. ॲक्सिलरेटर त्यांनी पहिल्याच दिवशी असा अलगद दाबला की पायलट मागे गप्पच झाले.

तीन महिन्यांत काकू मला सराईतपणे चालवू लागल्या. घरात सगळ्यांना वाटलं, झालं, आता परीक्षा म्हणजे नुसता सोपस्कार. मलाही तसंच वाटलं.

परीक्षेच्या मैदानावर पांढऱ्या पट्ट्यांनी वळणं आखलेली होती, कडेने प्लास्टिकचे शंकू उभे होते. निरीक्षक माझ्यात बसले. पहिल्या डाव्या वळणाला काकूंनी काय करावं? आधी मला चांगली उजवीकडे नेली, इतकी की चाक पट्टीबाहेर गेलं, आणि मग मोठा वळसा घालून डावीकडे घेतलं. दुसऱ्या वळणाला तेच. तिसऱ्याला एक शंकू आडवा झाला.

निरीक्षकांनी मला थांबवायला सांगितलं. “बाई, एवढीशी गाडी. तुम्ही काय बस चालवताय का?”

पायलट कडेच्या बाकावर बसले होते. माझी काच खाली होती. त्यांनी ते ऐकलं, आणि एकतीस वर्षं ताठ असलेली ती मान खाली गेली. चूक काकूंची नव्हती. मागच्या सीटवरून पायलटनी माझी सगळी वळणं बसची करून दिली होती. मागची चाकं फुटपाथवर चढू नयेत म्हणून बसला जेवढी जागा लागते, तेवढी ते मला रोज देत होते, आणि काकूंनी ती जशीच्या तशी गिरवली होती. रिकाम्या आवारात जागेला तोटा नव्हता, त्यामुळे चूक कोणाच्या लक्षातच आली नाही. भाऊ एकदा काहीतरी बोलला होता म्हणा, पण भावोजींपुढे त्याचं कोण ऐकतं?

पुढची तारीख बदलीच्या आठ दिवस आधीची मिळाली.

दुसऱ्या दिवशी काकू गळ्यात टेप घालून माझ्यापुढे उभ्या राहिल्या, आणि गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं त्यांनी माझं माप घेतलं. लांबी टेपच्या सव्वादोन पट. रुंदी एक टेप आणि चार बोटं. वहीत मांडलं, मग कपड्यावर खुणा करायच्या खडूने अंगणात माझी आकृती काढली, चाकांसकट. पायलटना हाताला धरून आणलं आणि म्हणाल्या, “कडेकडेने चाला.”

पायलट पाऊल मोजत चालले. एक फेरी झाली. पुन्हा एक घातली. मग त्या खडूच्या गाडीत मधोमध उभे राहिले आणि हसायला लागले. “एवढीच आहे होय ही?” ते म्हणाले. “मी तुला एवढी मोठी गाडी चालवायला लावत होतो?” काकूही हसल्या. मग दोघांनी मिळून त्या अंगणात अख्खी वळणं आखली आणि पायी चालून गिरवली. साठीची दोन माणसं खडूच्या रेघांवर गाडी गाडी खेळतायत, आणि मी कडेला उभी राहून बघतेय. माझ्यासाठी कोणी एवढं करेल असं यार्डात असताना मला सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

दुसऱ्या परीक्षेला काकूंनी मला पट्ट्यांच्या आतून अशी नेली की एकाही शंकूला वारा लागला नाही. निरीक्षकांनी सही केली. माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर दर महिन्याला आमची वारी ठरलेली. भाऊ बदलीच्या गावी गेला आणि पायलट पुढे, डाव्या सीटवर आले. जाताना दोघं बोलत असायचे. येताना त्यांच्या डोळ्यावर पट्टी असायची आणि काकू खड्डे चुकवत मला आणायच्या. एकवीस खेपा झाल्या. पावसात, धुक्यात, एकदा अंगात ताप असताना. एकही तारीख चुकली नाही.

एका गोष्टीवरून मात्र त्यांचं दर खेपेला वाजायचं. पायलट सीटवर बसले की मान सरळ ठेवून समोर रस्त्याकडे बघत राहायचे. दोन तास, अगदी तसेच. काकूंना वाटायचं, हे अजून आपल्यावर नजर ठेवून आहेत. “अहो, मी चालवतेय ना? जरा खिडकीबाहेर बघा, मान मोकळी करा.” पायलट नुसतं हं म्हणायचे आणि समोर बघत राहायचे.

बाविसाव्या खेपेला दोघं हॉस्पिटलमधून बाहेर आले तेव्हा पायलटच्या डोळ्यावर पट्टी नव्हती. काकूंनी किल्ली फिरवली, पण मला नीट पहिल्या गिअरमध्येही टाकता येईना. शहराबाहेर आल्यावर त्यांनी मला कडेला घेतलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. तेव्हा मला कळलं. उजव्या डोळ्याचाही मधला भाग गेला होता. डॉक्टर म्हणाले होते की कडेचं जे दिसतंय ते राहील, पण मधलं आता परत येणार नाही. इंजेक्शनं थांबवायची.

“इतकं करून काय मिळालं हो?” काकू रडत म्हणाल्या. त्यांनी मान वर केली तर पायलट आपले समोर बघतायत. मग मात्र त्यांचा बांध फुटला. “आणि आत्तासुद्धा रस्त्याकडेच बघा! कधी तरी माझ्याकडे बघावंसं वाटतं का तुम्हाला?”

पायलटनी मान वळवली नाही.

“रस्ता मला दिसतच नाही गं,” ते म्हणाले. “वर्ष होऊन गेलं. समोर बघितलं ना, की ह्या कडेला तू दिसतेस. तुझा कान, चष्म्याची काडी, गिअरवरचा हात. तुझ्याकडे वळलो की तू जातेस.”

बाजूने गाड्या जात होत्या. काकूंनी डोळे पुसले, केस कानामागे सारले, जरा सरळ बसल्या आणि मला रस्त्यावर घेतलं. मी तेरा वर्षांत पुष्कळ ओझी वाहिली आहेत, पण त्या दिवशी आपण काय घेऊन चाललोय हे मला पेलत नव्हतं.

आता हॉस्पिटलच्या खेपा संपल्या. माझा रंग उडालाय, गार असताना खोकला वाढलाय, आणि ही विकून टाका असं भाऊ फोनवर सांगतो. काकू ऐकून घेतात आणि विषय बदलतात. आठवड्यातून दोनदा आम्ही बाहेर पडतो. कुठे पोचायचं असतं असं नाही. पूर्वी काकू मला साठने पळवायच्या, हल्ली तीसच्या वर नेत नाहीत.

म्हणून मागून येणाऱ्यांना एक विनंती करते. तुमच्या पुढे एखादी जुनी राखाडी गाडी रेंगाळत असेल तर हॉर्न वाजवू नका. बाजूने निघून जा. आत एक माणूस बघत बसलाय.