साहेबांच्या घरावरचा ठिपका

आमच्या साथरोग कार्यालयात माझं काम एकच. काविळीचा रिपोर्ट आला की त्यावरचा पत्ता बघायचा आणि संगणकातल्या नकाशावर लाल ठिपका लावायचा. म्हणून सगळे मला ठिपकेवाली म्हणतात. म्हणोत बापडे. जिथे ठिपके जास्त, तिथे साहेब शुद्ध पाण्याचे टँकर धाडतात आणि पाइप तपासायला माणसं लावतात. जिथे ठिपका नाही, तिथे सगळं आलबेल.

यंदा सगळे ठिपके टेकडीवर पडले. टेकडीवर बंगले आहेत, घरोघरी पाणी शुद्ध करायची यंत्रं आहेत आणि आमचे साहेबही तिथेच राहतात. टेकडीखाली आमची वस्ती. तिथे पिण्याच्या पाण्याचा पाइप गटारातून डुंबत येतो. नकाशावर मात्र वस्ती अशी स्वच्छ, की दृष्ट काढावी!

"साहेब, आमच्या गल्लीत घरटी एक माणूस पिवळा पडलाय," मी म्हटलं.

"रिपोर्ट आहेत का?"

"तपासणी परवडत नाही हो कुणाला. पण डोळे आहेत ना, बघा की येऊन!"

"नुसत्या डोळ्यांवर साथ ठरत नसते," असं म्हणून त्यांनी टँकर वर पाठवले. वरच्यांनी त्या पाण्याने गाड्या धुतल्या, हिरवळ भिजवली. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय!

माझा जीव अडकला होता वहिनीत. तिला सातवा महिना. गरोदर बाईला ही कावीळ झाली तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं, हे कार्यालयातली पोस्टरं रोज माझ्या कानीकपाळी ओरडत होती. वहिनी साहेबांच्याच घरी स्वयंपाकाला जाते. पाणी उकळून पी, म्हणून मी तिच्या मागे लागायची, तर म्हणायची, "आणि गॅस काय तुझे बाबा भरून देणार? माझे सासरे आहेत ते, मी चांगली ओळखून आहे त्यांना!" मग तिला मळमळायला लागलं. पोटुशी बाईला मळमळणारच, असं म्हणून आम्ही सगळे गप्प बसलो.

अशात साहेबांनी मलाच टेकडीवरच्या पेशंटांची विचारपूस करायला पाठवलं. पहिल्या बंगल्यातल्या बाई चांगल्या टवटवीत होत्या.

"पेशंट कुठे आहेत?"

"अहो, आमचा ड्रायव्हर. रिपोर्ट आला तसा त्याला घरी पाठवून दिला."

"त्याचं घर कुठे?"

बाईंनी बोट खाली केलं. शेजारच्या बंगल्यातला पेशंट निघाला माळी, त्यापुढच्यातली मुलं सांभाळणारी बाई. अख्ख्या टेकडीवर एक पिवळा माणूस मिळेल तर शपथ! मालकांनी घाबरून नोकरांचं रक्त तपासून घेतलं होतं आणि प्रयोगशाळेने जो बिल भरेल त्याचाच पत्ता रिपोर्टवर टाकला होता. माणसं खाली जाऊन झोपली, ठिपके राहिले वर. आणि ते लावले होते कुणी, तर मी!

धावत येऊन साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, आधी प्रयोगशाळेने चूक कबूल करावी. प्रयोगशाळा म्हणाली, आधी साहेबांचा लेखी आदेश आणा. माझा नुसता फुटबॉल झाला.

दुसऱ्या दिवशी नवे रिपोर्ट आले. त्यात वहिनीचं नाव होतं. गरोदर, कावीळ आहे. पत्ता, साहेबांचा बंगला. वहिनीचे डोळे पिवळे दिसले म्हणून साहेबांच्या बायकोने, म्हणजे आमच्या मॅडमनी, परस्पर तपासणी करून घेतली होती.

मी तिथूनच दादाला फोन केला, "असशील तसा नीघ आणि वहिनीला मोठ्या दवाखान्यात ने." मग टेबलावर डोकं ठेवून रडले. रडून झाल्यावर नाक पुसलं आणि अगदी नियमाने माझं काम केलं. साहेबांच्या घरावर ठिपका लावला. पेशंट गरोदर असेल तर त्याच दिवशी पथक जातं, तेही पाठवलं.

पथकाने साहेबांच्या फाटकावर सूचना चिकटवली, पाण्याची टाकी उघडली आणि सगळ्या शेजाऱ्यांदेखत मॅडमना विचारलं, "बाई, आपल्याला कितवा?" मॅडमना दोन नातवंडं आहेत.

साहेब तणतणत माझ्या टेबलाशी आले. "माझ्या घरात कोणी पेशंट नाही! काढ तो ठिपका!"

"काढता येत नाही, साहेब. हलवता येतो. कुठे हलवू?"

"ती बाई राहते तिथे! एवढी साधी अक्कल नाही?"

"तसा लेखी आदेश लागेल. आणि आदेश फक्त तुमच्या घरापुरता काढला तर लोक तोंडात शेण घालतील. सगळ्यांसाठीच काढा."

साहेबांनी रागारागात सही ठोकली. मी एकेक ठिपका टेकडीवरून खाली आणला, तशी आमची गल्ली लालेलाल झाली. संध्याकाळी टँकर आला. सकाळी पाइप खणायला माणसंही आली.

बाळ राहिलं नाही. वहिनी वाचली.

ती बोलायच्या स्थितीत आली तेव्हा मी दवाखान्यात तिच्या उशाशी बसले होते. मूर्खासारखं म्हटलं, "वहिनी, तुझ्यामुळे गल्लीत टँकर आला बरं का. पाइपही बदलतायत."

तिचे डोळे अजून पिवळेच होते. म्हणाली, "माझ्यामुळे कुठे गं! साहेबांच्या फाटकावर कागद लागला म्हणून आला. मी आपल्या घरी पडून राहिले असते, तर आला असता?"

खोटं बोलणं मला जमलं असतं, पण तिच्यापुढे जीभ रेटेना. मी म्हटलं, "नसता आला."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.