पॅकिंगच्या मावशींवरचा प्रबंध

"अभिनंदन, मॅडम! तुमचा प्रबंध मी चक्क वाचला," डायरेक्टर म्हणाले. मॅडम खुलल्या. तो आनंद पुढच्या वाक्यापर्यंतच टिकला.

"पॅकिंगच्या सुपरवायझरची पोस्ट पुढच्या महिन्यापासून बंद करू या."

मनुष्यबळ विभागाच्या या मॅडमनी नोकरी सांभाळून नेतृत्व आणि संस्थाविकास या विषयात डॉक्टरेट करायला घेतली, तेव्हा घरी थट्टाच झाली. "आता घरात डॉक्टर, पण तापाची गोळी मेडिकलमधूनच आणायची," नवरा म्हणायचा. मॅडमनी मनावर घेतलं नाही. साबणाच्या या कारखान्यातच त्यांना विषय सापडला होता: पॅकिंगच्या सुपरवायझर, सगळ्यांच्या मावशी. मावशी कुणावर कधी खेकसल्या नाहीत. नवी मुलगी आली की तिला शेजारी उभी करायच्या, आणि बघता बघता ती कुणी न सांगता कामाला लागायची. मावशी रजेवर गेल्या तरी पॅकिंगचा पट्टा अडायचा नाही. मॅडमनी मोठ्या प्रेमानं लिहिलं, की उत्तम नेतृत्व स्वतःची गरजच उरू देत नाही.

डायरेक्टरनी नेमकं तेच वाक्य उचललं होतं.

"सर, त्याचा अर्थ तसा नाही हो! मावशी आहेत म्हणून तर ते चालतं. उद्या नव्या मुली आल्या की..."

"तुम्हीच सिद्ध केलंय, मॅडम. आता तुम्हीच शब्द फिरवणार?"

मॅडमनी घाईघाईनं गाईडना फोन लावला. "वा! संशोधन प्रत्यक्षात उतरलं," ते खुशीत म्हणाले. "किती जणांच्या नशिबी येतं हे?" मॅडमना रडू कोसळायचंच बाकी होतं.

नोटीस द्यायचं काम अर्थातच मनुष्यबळ विभागाचं. केबिनमध्ये बोलावल्यावर मावशी हात पुसत हसतच आल्या.

"झालात ना डॉक्टर? पोरींना सांगितलंय मी, आपल्यावर लिहून मॅडम डॉक्टर झाल्या म्हणून."

मॅडमनी नोटिशीचा कागद पुढे केला. मावशींनी तो वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"माझं काही चुकलं का हो?"

"नाही मावशी, तुमचं काहीच नाही चुकलं. माझंच..."

"असू द्या. तुमच्या हातात थोडंच असतं ते?" म्हणत मावशींनीच टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

मॅडमनी ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. केबिनच्या काचेतून पॅकिंगचा पट्टा दिसत होता. एखादा खोका खाली पडावा, एखादी मुलगी गोंधळावी, कुणीतरी घाबरून "मावशी!" अशी हाक मारावी, असं त्यांना अगदी आतून वाटत होतं. साबण येत होते, खोके भरत होते. कुणी मानही वर करून बघत नव्हतं.

"बघा," मावशी पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "जरासुद्धा अडत नाही पोरींचं."