शिंकांचा आळ

मित्रांनो, मी एक कॉकापू आहे. आई कॉकर स्पॅनियल, वडील पूडल. अंगभर कुरळे केस, लांब कान आणि स्वभाव पहिल्यापासून संशयी. नवी बादली दिसली तरी मी आधी मागे सरकतो.

नाशिक रोडच्या आरोहीच्या बाबांनी मला मालेगावच्या, कुत्री विकणाऱ्या धनराजकडून आणले. "याचे केस गळत नाय साहेब. शिंका येणार नाय, गॅरंटी!" तो म्हणाला. तेव्हाच मला शंका आली. आमचे केस कमी गळतात हे खरे, पण शिंका येणार नाहीत अशी खात्री कोणत्याच कुत्र्याची देता येत नाही. शिवाय हे केस गुंततात, रोज विंचरावे लागतात. ते त्याने सांगितलेच नाही. ते काम आरोही करायची. ती मला फार आवडते.

पुढे आरोहीला शाळेतून आल्याबरोबर शिंका येऊ लागल्या. सगळ्यांची नजर माझ्यावर!

"हे केसाळ ध्यान परत देऊन टाक बरं," बाबांच्या आई, सिंधुआजी, त्यांना म्हणाल्या.

मला मात्र आजींचाच संशय होता. दुपारी घर रिकामे झाले की त्या स्वयंपाकघराचे दार लोटून मिश्रीसाठी तव्यावर तंबाखू भाजत. मग वास जावा म्हणून उदबत्त्या लावत. आपल्या आईने मिश्री सोडली, असे बाबा समजत होते. मी रोज त्या दारापाशी भुंकायचो. आजी आतून ओरडत, "गप रे!"

शेवटी धनराज मला न्यायला आला. खाली गाडीपाशी बाबा माझा पट्टा त्याच्या हाती देत होते. आरोही रडत होती. इतक्यात वरच्या खिडकीतून तोच झणझणीत वास आला. मी पट्टा हिसकावला, जिना चढलो आणि स्वयंपाकघराच्या दारावर पंजे मारू लागलो.

मागून सगळे धावत आले. बाबांनी दार ढकलले आणि तेच पहिले शिंकले. मग आरोही, मग धनराज.

"आई, तू मिश्री सोडली होती ना?"

आजींनी उलथणे तव्यावर ठेवले. मग हळूच म्हणाल्या, "आता मला धाडतो का मालेगावला?"

धनराज रिकाम्या हाताने परत गेला.

मित्रांनो, आमच्यासारखे कुत्रे आणताना विकणाऱ्याच्या गोड बोलण्यावर जाऊ नका. आम्हाला रोजची निगा लागते आणि आम्हाला बोलता येत नाही. म्हणून तुमचा कुत्रा रोज एकाच दारापाशी भुंकत असेल, तर त्याला गप्प करण्याआधी एकदा ते दार उघडून बघा.