मोठ्यानं वाच

निफाडला सकाळच्या पॅसेंजरमध्ये मल्हारी चढला की लोक सरकून त्याला खिडकीशी जागा करत. तो सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होता. डब्यातल्या नेहमीच्या मंडळींत धड वाचता येणारा तो एकटाच, म्हणून नाशिकरोड येईपर्यंत तो पेपर मोठ्यानं वाचून दाखवी. दोन वर्षं हे चाललं होतं. त्याची जात कुणी विचारली नव्हती.

अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टात विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळल्याची बातमी पहिल्याच पानावर होती. मल्हारी पान उलटू लागला, तसा भाजीवाला नाथा म्हणाला, "तेच वाच ना."

मल्हारी वाचू लागला.

"बरं झालं," नाथा म्हणाला. "लय माजले व्हते."

दोघंतिघं हसले. मल्हारीनं मान वर केली नाही. पुढच्या ओळीत त्याच्या अक्काच्या सासरच्या गावाचं नाव होतं. बारा घरं जळाली, एक इसम ठार. त्यानं ओळ पुरी केली आणि थांबला.

"काय झालं रे?" शेजारच्या जयरामनं विचारलं.

"माझी बहीण दिलीय तिथं."

"त्या वस्तीत?"

"हो. आम्ही बौद्ध."

नाथा मांडीवरची मेथीची पाटी उगाच नीट करत बसला.

मल्हारी त्या दिवशी कामावर गेलाच नाही. नाशिकरोडला फलाटावरचा पूल ओलांडून तो उलट मनमाडच्या गाडीत बसला. अक्काच्या गावी पोचायला दुसरा दिवस उजाडला. अक्का शाळेच्या पडवीत बसली होती, दोन्ही भाजलेले हात कोपरापर्यंत पट्ट्यांनी बांधलेले. ठार झालेला इसम म्हणजे तिचा नवरा, सावळीराम.

चार दिवसांनी तो तिला घेऊन परत निघाला. गाडी गच्च भरलेली. पिशवीतला पेपर पाहून अक्का म्हणाली, "ह्यांचं छापून आलंय म्हणालास. वाच."

तो पुटपुटत वाचू लागला.

"मोठ्यानं वाच. ऐकू येत नाय."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. मग त्यानं आवाज चढवला. समोरचा माणूस ऐकता ऐकता उठला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. एका बाईनं लेकराला जवळ ओढलं. मल्हारी वाचत राहिला.

"आन् नाव?"

"नाव नाही, अक्का. एक इसम, एवढंच आहे."

अक्का म्हणाली, "मी कसं घेऊ त्यांचं नाव? तू घे."

मल्हारीनं ती ओळ पुन्हा वाचली. इसमाच्या जागी दाजींचं नाव घेतलं, त्यांच्या बापाचंही घेतलं. तेव्हा कुठे अक्का रडली.

ती निफाडलाच राहिली. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं पुढे कधी सरळ झाली नाहीत. मल्हारी महिन्यानं कामावर जाऊ लागला, तेव्हा जयरामनं त्याला फलाटावर गाठलं.

"चुकलं आमचं. मी पण हसलो व्हतो."

मल्हारीनं मान हलवली आणि तो मागच्या डब्याकडे निघून गेला.