मालकांच्या मनगटावरचे सहा

मनगटावर नऊ. बाहेर नऊ.

ज्या दिवशी मालकांचं हे मनगटी घड्याळ दुकानात आलं, त्याच दिवशी भिंतीवरचं घड्याळ उतरलं. मालकांनी स्वतः स्टुलावर चढून ते काढलं, धूळ फुंकली आणि कपाटावर पालथं घातलं. खिळ्याला तेव्हापासून त्यांची पिशवी.

दुकान जळलेल्या मोटारी पुन्हा भरून देण्याचं. पंपाच्या, पंख्याच्या, मिक्सरच्या. आतली काळी पडलेली तार उपटायची, नवी तार साच्यावर गुंडाळायची, मोटारीच्या पोटात बसवायची, वर व्हार्निश. माणसं तीन. मालक, मोटारी उघडणारा आणि मिटवणारा फिटर, आणि तार गुंडाळणारी अक्का. अक्का वीस वर्षं गुंडाळत होती आणि वीस वर्षं मोजत होती, कारण एक वेढा कमी पडला तर मोटार तापते आणि एक जास्त झाला तर ती पोटात मावत नाही.

एकदा सुनेचा फोन आला, साखर संपली म्हणून. अक्काचा आकडा तुटला आणि एक पंप चार दिवसांत पुन्हा जळून परत आला. त्यावर मालकांनी दाराशी पत्र्याचा एक डबा ठेवला. आत शिरताना सगळ्यांनी फोन त्यात टाकायचे, मालकांनीसुद्धा.

तर भिंतीवर घड्याळ नाही, फोन डब्यात. दुकानातली वेळ आता एकाच मनगटावर राहत होती, आणि मालक ती अधूनमधून स्टेशनासारखी पुकारायचे.

"साडेअकरा."

घड्याळ साधं नव्हतं. तेवढ्या पैशात फिटरने लग्न, घर आणि वर दुसरं लग्न असा हिशेब लावला होता. मालकांच्या मेहुण्याकडे त्याच जातीचं एक होतं. तो ते लॉकरमध्ये कापसात ठेवायचा, वर्षातून दोनदा बाहेर काढायचा, श्वास रोखून बघायचा आणि परत झोपवायचा. मालकांना याची मनापासून चीड होती. वस्तू वापरायला असते, असं ते म्हणायचे आणि वापरायचे. बेअरिंग ठोकताना घड्याळ हातात. व्हार्निशच्या पिंपात कोपरापर्यंत हात, घड्याळासकट. हात रॉकेलने धुतले की घड्याळही धुतलं जायचं. गिऱ्हाइकाला ते तबकडी दाखवायचे नाहीत, ओरखडे दाखवायचे. हा क्रशरच्या मोटारीचा, हा शटरचा, हा कशाचा कोण जाणे पण खोल आहे.

मेहुणा म्हणाला होता, वर्षभरात याचा जीव जाईल. मालक म्हणाले होते, वर्षाने ये आणि नाडी बघ.

मनगटावर सहा. बाहेर सहा. तिकडे दार बंद.

अक्काला पोहायचं होतं.

वय एक्कावन्न. दुकानापासून पंधरा मिनिटांवर तलाव, त्यात बायकांसाठी वर्षातून एकदाच तीन आठवड्यांचा वर्ग. संध्याकाळी सहा ते सात. सहा पाचला फाटक बंद. शेवटच्या दिवशी रुंदी पार केली की वर्षभराचा पास, नाही केली की पुढच्या वर्षी या. सून म्हणाली, सासूबाई, आंघोळीला बादली पुरत नाही का?

अक्काने मालकांकडे पंधरा मिनिटं मागितली. तीन आठवडे रोज पावणेसहाला सोडा, सकाळी लवकर येते.

मालकांकडे पैसे मागितले असते तर त्यांनी दिले असते. वेळ म्हटल्यावर ते मागे सरकून बसले. आज अक्का पावणेसहाला, उद्या फिटर साडेपाचला, मग ज्याचे त्याचे सहा वेगळे.

"इथे सहा एकच," ते म्हणाले आणि मनगटावर बोट आपटलं.

पहिल्या दिवशी अक्का पळत गेली आणि फाटकाच्या गजांतून पाणी बघून परत आली.

मनगटावर सहा. बाहेर पावणेसहा.

दुसऱ्या दिवशी जे झालं ते कुणी केलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे बरंच कुणीतरी केलं.

दुकानात एक लोखंडी खोका होता, वर खाच असलेला. वीज दिली की तो गुरगुरायचा, म्हणून त्याचं नाव गुरगुऱ्या. मोटारीचा फिरणारा गाभा त्या खाचेत ठेवायचा आणि वरून करवतीचं पातं फिरवायचं. तार आत कुठे चिकटली असेल तिथे पातं थरथरतं. काम झालं की पायाजवळचं बटण सोडायचं. थोडक्यात, तो एक दांडगा चुंबक होता, आणि बटण सोडताना जे लोखंड वर असेल त्यात थोडा चुंबक मागे ठेवायचा.

मालक गिऱ्हाइकाला ओरखडे दाखवत होते. बोलता बोलता त्यांनी मनगट गुरगुऱ्यावर टेकवलं. फिटरने बटण सोडलं. बस.

त्या संध्याकाळी मालकांनी सहा पुकारले तेव्हा अक्काचा हात हवेत थांबला. जेवणानंतर सहापर्यंत तिचे वेढ्यांचे नऊ सेट व्हायचे, अर्ध्या तासाला एक, वीस वर्षं. आज साडेआठच झाले होते.

तिने तार कापली, चप्पल घातली आणि निघाली. फाटक उघडं होतं.

पाण्यात पहिल्यांदा डोकं घातलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आत काही मोजायचं नाही. कानात नुसता घों आवाज. एकशे सहा नाही, एकशे सात नाही. ती नाकातोंडात पाणी जाऊन वर आली आणि हसायला लागली. शिकवणारी बाई घाबरली.

इकडे डबा उघडून फिटरने फोन बघितला आणि म्हणाला, मालक, यात तर पावणेसहाच वाजलेत. मालकांनी क्षणभर विचार केला. पत्र्याच्या डब्यात रेंज नसते, ते म्हणाले, दिवसभर कोंडलेला फोन मागे पडणारच. फिटरलाही घरी जायचं होतं. त्याला ते एकदम पटलं.

सकाळी घरी टीव्हीशी ताडून बघितलं तेव्हा घड्याळ पाऊण तास पुढे. हेही कोडं मालकांना सुटलं. रात्री हातातून काढलं की त्याला करमत नाही, म्हणून धावतं. त्यांनी घड्याळ टीव्हीप्रमाणे लावलं आणि त्या रात्रीपासून ते घालून झोपायला लागले. बायकोच्या पाठीवर त्याचा छाप उठायचा.

असे अडीच आठवडे गेले. रोज सकाळी टीव्हीवर लावून बरोबर, रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं पुढे. अक्का तरंगायला शिकली, मग पाय मारायला, मग जवळजवळ पलीकडे जायला. साडेआठाव्या सेटला तिचा हात आपोआप चपलेकडे जायचा.

मनगटावर सहा. बाहेरही सहा. घात.

बुधवारी सकाळी मालक उशिरा आले, शीळ घालत. मेहुणा वर्ष भरायची तारीख लक्षात ठेवून होता, म्हणून ते आदल्या दिवशी मुकाट्याने घड्याळजीकडे जाऊन आले होते. घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं, होकायंत्र जवळ धरलं, सुई गरकन फिरली. चुंबक लागलंय म्हणाला. एका चालू यंत्रावरून घड्याळ हळूहळू लांब नेलं आणि चुंबक उतरलं. अर्धं मिनिट.

मालकांनी हे सगळं हातवारे करून सांगितलं. अक्का मान खाली घालून ऐकत होती. परीक्षा गुरुवारी होती.

त्या दिवसापासून, म्हणजे त्याच दिवशी, मालक गुरगुऱ्याजवळ गेले की डावा हात पाठीमागे लपवायला लागले, चोरून लाडू खाल्लेल्या पोरासारखे. संध्याकाळी सहाला सहा वाजले. अक्का पोहोचली तेव्हा फाटकवाला कडी लावून बसला होता. उद्या एक मिनिट उशीर झाला तर परीक्षाही गेली, असं त्याने गजांतून सांगितलं.

मनगटावर साडेनऊ. बाहेर साडेनऊ. पायाशी बटण.

गुरुवारी सकाळी अक्काने एक आर्मेचर, म्हणजे मोटारीचा गाभा, उचललं, गुरगुऱ्यावर ठेवलं आणि फिटरशी बोलायला लागली. मालकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, त्यांच्यासाठी नाही असं वाटेल एवढ्या हळू.

म्हणाली, मालकांचे मेहुणे काही अगदीच चुकीचं नाही बोलत. शेवटी नाजूक वस्तू ती.

मालकांनी पेन खाली ठेवलं.

"आता बघ ना," अक्का म्हणाली, "कसे नव्या नवरीसारखं पदराआड जपतायत. त्यापेक्षा कापूस बरा."

मालक उठले. तीन ढांगांत आले आणि डावं मनगट गुरगुऱ्यावर असं आपटलं की आर्मेचर उडालं.

"कोण जपतंय?"

अक्काने बटण सोडलं. एकदा पुरलं असतं. पण अक्काला खात्री हवी होती, म्हणून ती म्हणाली की गाभा नीट बसला नाही, जरा परत धरता का. परत बटण. आणि एकदा परत. फिटर खिडकीकडे बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते.

मनगटावर

एकशे अकरा, एकशे बारा, एकशे तेरा

बाहेर

एकशे चौदा

आणि इथे अक्काचा आकडा तुटला. वीस वर्षांत दुसऱ्यांदा.

कारण मालकांनी नुकतेच "पाच वीस" असे पुकारले होते, आणि तिच्या पाटावर आठ सेट पुरे होऊन नववा संपत आला होता. तिने सेट पुन्हा मोजले. बोट लावून मोजले. नववा संपतोय म्हणजे बाहेर सहाला पाच कमी. घड्याळ पुढे नव्हतं, ते मागे पडत होतं. जास्त चुंबक पाजल्यावर ते धावायचं सोडून पेंगायला लागलं होतं.

मालकांचे सहा वाजायला अजून चाळीस मिनिटं. फाटक बंद व्हायला दहा.

ती उठून टेबलापाशी गेली.

"मालक, सहा वाजत आले."

"पाच वीस."

"माझा नववा सेट संपला."

मालक हसले, आज हात जोरात चाललाय म्हणाले. मग त्यांचं हसू हळूहळू विझलं. अक्काचा हात जोरात चालत नाही, हळूही चालत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. गेल्या वीस वर्षांत त्यांनी तिच्या नऊ सेटांवर गिऱ्हाइकांना तारखा दिल्या होत्या. त्यांनी मनगटाकडे बघितलं, मग पाटाकडे. डबा उघडून उपयोग नव्हता, कोंडलेला फोन मागे पडतो हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.

"सकाळी बटण मी सोडलं," अक्का म्हणाली. "तीनदा. मुद्दाम. त्याआधीचं माहीत होतं, पण बोलले नाही. उद्या काढून टाका हवं तर, पण आज जाऊ द्या."

फिटरने एक स्क्रू शोधायला घेतला, जो त्याच्या हातातच होता.

"त्या पाण्यात आहे तरी काय?" मालकांनी विचारलं.

"तिथे मोजावं लागत नाही."

मालक बराच वेळ मनगटावरचे ओरखडे बोटाने चाचपत राहिले. बराच म्हणजे अक्काच्या हिशेबाने सतरा वेढे. मग त्यांनी पिशवीतून स्कूटरची किल्ली काढली. स्कूटर नेहमीप्रमाणे दहाव्या किकला चालू झाली.

मनगटावर पाच तेहतीस. फाटकावर सहा दहा.

कडी लागलेली होती. फाटकवाल्याने आपलं प्लॅस्टिकचं घड्याळ गजांना टेकवून दाखवलं. आत परीक्षेची शिट्टी होऊन गेली, तो म्हणाला, सहा दहा झालेत.

अक्का परत वळली. मालकांनी तिचा दंड धरून थांबवलं, बाही वर केली आणि मनगट गजांतून आत घातलं.

"हे बघ. किती वाजलेत?"

फाटकवाला वाकला. पाच तेहतीस, तो म्हणाला, पण साहेब, हे चुकलंय.

"हे?" मालकांचा आवाज इतका मऊ झाला की अक्का त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुझं कितीचं? आणि हे कितीचं असेल, सांग."

आकडा फाटकवाल्याने आपणहून सांगितला नाही. मालकांनीच त्याच्या कानात सांगितला. तो सरळ झाला. मग पुन्हा वाकून ओरखडे बघायला लागला, आणि मालकांनी ते एकेक करून दाखवले, क्रशर, शटर, कशाचा कोण जाणे. एवढं महाग घड्याळ एवढं घासून वापरणारा माणूस, म्हणजे त्याच्याकडे अशी चार असतील, असं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं.

पण शिट्टी झाली ना, तो क्षीणपणे म्हणाला.

"मग लवकर झाली," मालक म्हणाले. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

कडी निघाली.

परीक्षा तशी काही बघण्यासारखी नव्हती. अक्का भिंतीपासून सुटली, मध्ये एकदा बुडाल्यासारखी झाली, काठावर मालकांनी बूट काढायला घेतले, ती वर आली, पाय मारत राहिली, आणि पलीकडच्या भिंतीवर तिचा हात असा बसला जसा फक्त साच्यावर बसायचा. किती हात मारले, असं शिकवणाऱ्या बाईने वहीत लिहायला म्हणून विचारलं. अक्काला सांगता येईना. तिला त्याचा इतका आनंद झाला की बाईने वहीत काहीतरी लिहून टाकलं.

मालक काठावर पालथे पडून कोपरापर्यंत हात पाण्यात घालून होते. तीनशे मीटर खोलपर्यंत याला काही होत नाही, ते शेजारच्या बाईला सांगत होते. बाई चार फुटांत उभी होती.

फाटकापाशी फाटकवाल्याने आपलं प्लॅस्टिकचं घड्याळ काढलं, कानाशी हलवलं आणि हताश होऊन सदतीस मिनिटं मागे केलं.

त्या दिवशी त्याची सातची घंटा सदतीस मिनिटं वाजलीच नाही. बायका पोहत राहिल्या.