कान दाखव, मग मेली म्हण

मी कातर बोलतेय. मेंढरांची लोकर उतरवायची कातर. बाळाबाई हरवलेली नाही, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. कुणी विश्वास ठेवला नाही. म्हणे, हिचा जन्म तोडण्यात गेला, हिला जोडलेलं काय कळणार? बरं, नका ठेवू. ऐकून तरी घ्या.

जुन्नरच्या एका लोहारानं मला मोडक्या ट्रकच्या पाट्यातून घडवलं. निमगाव सावाच्या धर्माजीनं बाजारात मला उचललं, अंगठ्यावर धार बघितली आणि म्हणाला, "जीभ तिखट हाय हिची. आमच्या घरात खपंल." शेजारी त्याची बायको उभी होती. तीच बाळाबाई. तिनं नवऱ्याकडं असं बघितलं की मला घर आवडलं.

लोकर उतरवणं हे माझं रोजीचं काम. मानाचं काम दुसरं. नव्या कोकराच्या कानाला खाच पाडायची, घराची खूण म्हणून. कोकरू ओरडायचं, बाळाबाई त्याला पोटाशी धरून जखमेवर हळद दाबायची. लोकर कापली की परत येते. कानाची खाच बुजत नाही. माझी एकही बुजलेली नाही, सांगून ठेवते.

दिवाळी झाली की धर्माजी मेंढरं घेऊन माळशेज उतरायचा, कोकणात चारायला. गावातल्या लोकांच्याही चार-दोन मेंढ्या त्याच्या हवाली असायच्या. वाटेत एखादी मेली, तर तिचा खुणेचा कान मालकाला आणून दाखवायचा, अशी रीत. कान दिसला तर मेली. कान नाही, तर ती जिवंत धरायची आणि जाब मेंढक्याला विचारायचा. त्यांच्यातला गेणभाऊ दरवर्षी चेष्टा करायचा, "काय राव, माझी मेंढी आणली का तिचा कान?" एका साली त्याची लंगडी मेंढी घाटात मागं राहिली. हातात कान नव्हता. धर्माजी परत घाट उतरला आणि तिला घेऊन आला. शिव्या देत आणली, पण आणली.

बाळाबाईचा धाकटा भाऊ सावळेराम डिंभ्याला राहायचा. तो पुण्यात कामाला असताना ख्रिस्ती झाला होता. त्याच्या पडवीत प्रार्थना भरायची. बाळाबाई एकदा बसून आली. प्रभू मेंढक्या आहे असं ऐकलं तेव्हा म्हणाली, "मग माणूस कामाचा हाय." पुढं घोडनदीत तिचा बाप्तिस्मा झाला. मग उठता-बसता त्याचंच नाव. चूल पेटवताना नाव, मला धार लावतानाही नाव. धर्माजी आपल्या बिरोबाला धरून राहिला. त्यावरून दोघांचं कधी वाजलं नाही. वाजायला कालवणातलं मीठ पुरायचं.

मग नात आजारी पडली. हिरा, दुधाचे दातही न पडलेली. तापानं पोरीनं डोळे फिरवले. बाळाबाईनं प्रार्थना केली, केली, आणि तिचा धीर सुटला. पळत जाऊन बिरोबाचा भंडारा आणला, पोरीच्या कपाळाला लावला, नवस बोलली. दवाखान्यात सुईही दिली. पोरगी उठली. कशानं उठली ते मला विचारू नका, मी कातर आहे.

हे बाळाबाईनं स्वतःच डिंभ्याला जाऊन भर प्रार्थनेत सांगितलं. लपवायची तिची जातच नव्हती. सावळेरामचा चेहरा उतरला. "आक्का," तो म्हणाला, "मिळालेलं तारण तू आपल्या हातानं टाकलंस गं." प्रभुभोजनाची भाकर तिला न देताच पुढं गेली.

त्या दिवसापासून तिनं नाव घेणं सोडलं. भंडारा लावलेल्या तोंडानं कसं घ्यायचं, म्हणायची. मला धार लावायची ती मुकाट्यानं. ते मुकं दगडावर घासणं मला अजून बोचतं.

वर्षं गेली. धर्माजीचे गुडघे गेले, मेंढरं विकली. आता मी कोनाड्यात गंजतेय आणि बाळाबाईही राहिली नाही. मला भंगारात घालायचं तर खुशाल घाला. फक्त तिच्या शेवटच्या दिवसांतली ती दुपार कुणी विसरू नका.

ती अंथरुणाला खिळली होती. जेवण सोडलं होतं. मरणाला भीत नव्हती. पलीकडं आपल्याला कुणी ओळखणार नाही, याला भीत होती. सावळेराम भेटायला आला, पायाशी बसून रडला. वाईट नाही तो. बहिणीसाठी जीव तुटत होता त्याचा.

धर्माजीनं विचारलं, "काय रं, गेली म्हणतोस का ही त्याच्या हातची?"

"दाजी, तिला कुणी ओढून न्हाई नेलं. आपल्या पायानं गेली ती."

"मेंढी कधी दुसऱ्याच्या पायानं गेलीय व्हय? समद्या आपल्याच पायानं जात्यात. म्हणून तर मेंढक्या लागतो."

"पण शास्त्रात हाय ते मी कसं खोडू?"

"खोडू नगं. तू पण मेंढरामागं वाढलास. मेली म्हणतोस ना? मग कान दाखव."

डोळे पुसता पुसता सावळेरामला हसू आलं.

धर्माजीनं मला कोनाड्यातून काढून बाळाबाईच्या हातात दिलं. हात गार होता. हिरा उशाशी बसली होती, आजीचे केस मागं सारत.

"म्हातारे, मेंढी चुकली तर चावडीत कुणाचं नाव घेत्यात?"

"मेंढक्याचं," ती पुटपुटली.

"मग तू चुकली असशील तर दोष कुणाचा? घे की नाव. मी बिरोबाचा माणूस, मला त्याची भीड न्हाई. मी भांडतो त्याच्यासंगं."

बाळाबाईनं मला छातीशी धरलं. तिचे ओठ बराच वेळ नुसते हलले. मग लेकीनं माहेरी येऊन गाऱ्हाणं सांगावं तसं, इतक्या वर्षांचं अडकलेलं नाव तिच्या तोंडून सुटलं.

"येशू."